आपल्या माणसाची नळी

२ फेब्रुवारी, सोमवार

मेट्रननी स्वतःहून चहा मागवला तेव्हाच मी समजले, आज आपला बकरा होणार. झालंही तसंच. हाडांच्या वॉर्डची इन्चार्ज तर मी आहेच, त्यावर आता सगळ्या इस्पितळातला जंतुसंसर्ग रोखायचं कामही माझ्याच गळ्यात. वर मेट्रन म्हणतात, "तुमच्याशिवाय दुसरं कोण करणार?" हे वाक्य ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले.

पण धक्का तो नव्हता. लॅबच्या डॉक्टरीणबाई तिथेच बसल्या होत्या. दिसायला गरीब गाय, पण तोंड उघडलं की समोरच्याचा चहा गार. म्हणाल्या, लघवीच्या नळीमुळे होणारा संसर्ग सगळ्यात जास्त वाढलाय तो हाडांच्या वॉर्डात. म्हणजे माझ्या! जिथे फरशीवर सांडलेला भात वेचून खावा अशी स्वच्छता आहे, त्या वॉर्डात. मी म्हटलं, "तुमच्या लॅबमधल्या बाटल्या एकदा तपासा." बाईंनी नुसती मान हलवली. मेट्रन म्हणाल्या, "म्हणूनच तर तुम्हाला नेमलं."

आता यात मला कोणी शिकवावं असं काय आहे? खुब्याचं ऑपरेशन झालं की माणसाला उठता येत नाही, म्हणून लघवीच्या जागेतून एक बारीक नळी आत सरकवतात. लघवी पलंगाला टांगलेल्या पिशवीत जमते. नळी आत आहे तोवर जंतूंना वर चढायला आयता जिना. म्हणून हात धुवायचे, पिशवी कमरेच्या खाली ठेवायची, जोड उघडायचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गरज संपली की नळी काढायची. माझ्या टेबलामागे फलकच आहे: 'नळी निघाली, निम्मं दुखणं गेलं.' वाक्य माझंच आहे.

घरी मी एकटी. वॉर्डात मनातलं बोलावं तर दुपारपर्यंत त्याला पाय फुटतात. म्हणून हे लिहून ठेवणं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

राउंड चालू असताना वहिनीचा फोन. "वन्सं, हे स्टुलावरून पडले. उठवत नाहीये." दिवा बदलायला चढला होता म्हणे. सत्तरी ओलांडलेला माणूस, घरात शेजारपाजारच्यांची ये-जा, पण दिवा यानेच बदलायचा.

रुग्णवाहिकेतून आणला. स्ट्रेचरवर ओठ पांढरे पडलेले, तरी मला बघून म्हणतो, "ठमे, गिऱ्हाईक आणलंय तुला." मी हसले नाही. एक्स-रे प्रकाशात धरला तर खुब्याचं हाड सरळ दुभंगलेलं. असे एक्स-रे मी जेवता जेवतासुद्धा बघितले आहेत. आज मात्र मला खुर्ची शोधावी लागली. आमचे वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. पुढे दादाने शिलाईच्या मशिनवर घर ओढलं, मला नर्स केलं, माझा पहिला गणवेशही त्यानेच शिवला, आणि कमरेत इतका ढगळ की तेव्हाच्या मेट्रन म्हणाल्या, यात दोन नर्स मावतील. त्याला आपण मोडताना बघू, हे कधी मनातच आलं नव्हतं.

सर्जन तरुण आहेत पण हात चांगला आहे. म्हणाले, "सिस्टर, तुमचे दादा ते माझे दादा. काळजी सोडा." काळजी सोडली नाही, पण बरं वाटलं. एवढी वर्षं इथे घासली त्याचा आज उपयोग. दादाला राजासारखा ठेवणार आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

ऑपरेशन झालं. नीट झालं. मी थिएटरच्या दाराशी उभी होते, इतरांच्या नातेवाइकांना मी जिथून हाकलते बरोबर तिथेच.

दादानंतर लगेच एका बसड्रायव्हरचंही तेच ऑपरेशन, तेच डॉक्टर. त्याचा पलंग दादाच्या समोर. अंगाने आडदांड, आवाज इतका मोठा की कुजबुजला तरी गल्लीत ऐकू जावं. शुद्धीवर आल्याबरोबर विचारतो, "गाडी कुठं लावली?" दादाला हसू आलं आणि टाके दुखले. मी ड्रायव्हरला दम दिला.

दादाला मी खिडकीजवळचा पलंग दिला आहे. दोन उशा जास्त. वहिनीला कधीही येता-जाता येईल असं दाराशी सांगून ठेवलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आमच्याकडे नुकतीच बदलून आलेली एक सिस्टर आहे. चाळिशीची, बारीक, तुरुतुरु चालणारी. मनातल्या मनात मी तिला खारूताई म्हणते. सकाळी हातमोजे घालून, ट्रे घेऊन निघाली. आधी ड्रायव्हरची नळी काढली. त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला. "अहो, राहू द्या ना, चांगली सोय होती! आता दर वेळेला भांडं मागू का?" खारूताई म्हणाली, "मागा. मी देते." दुपारी त्याला वॉकर धरून उभं केलं. शिव्या घालत घालत तो संडासापर्यंत जाऊन आला, घाम पुसला आणि परत शिव्या घातल्या.

मग ती दादाच्या पलंगाशी येऊन थांबली. "सिस्टर, दादांची काढू?"

मी म्हटलं, "राहू दे गं. एवढं दुखतंय त्याला, लघवीसाठी उठबस कशाला? दोन दिवस आराम पडू दे."

वहिनी लगेच म्हणाली, "तेच म्हणणार होते मी, वन्सं. मला तरी कुठे उचलवतंय यांना." तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. ओळख असण्याचा एवढा तरी फायदा नको का माणसाला?

दादा म्हणाला, "म्हणजे आम्ही दावणीलाच का?" मी म्हटलं, "गप पडून राहा. राजेलोक पायी जात नाहीत." तो हसला आणि खिडकीकडे तोंड केलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कामाला लागले आहे. साबणाच्या बाटल्या बदलल्या. हात कसे धुवायचे ते सगळ्यांकडून माझ्यासमोर करून घेतलं, डॉक्टरांकडूनसुद्धा. सर्जननी बोटांच्या बेचक्या सोडल्या तर त्यांना परत धुवायला लावलं. पिशव्या सगळ्यांच्या खाली टांगलेल्या, नळीला कुठे पीळ नाही, पिशवी जमिनीला टेकलेली नाही. दादाची तर मी स्वतः दिवसातून इतक्यांदा बघते की तो म्हणाला, "माझ्यापेक्षा त्या पिशवीलाच भेटायला येतेस."

आज राउंडला सर्जन दादापाशी जरा रेंगाळले. "सिस्टर, यांचं ते..." असं म्हणाले, माझ्याकडे बघितलं, आणि "बरं, तुम्ही आहात ना, मग प्रश्नच नाही" म्हणून पुढे गेले. डॉक्टरांचा असा विश्वास असणं ही काही साधी गोष्ट नाही.

व्यायामवाल्या बाई दादाला उभं करायला आल्या होत्या. पिशवी, नळी सगळं सांभाळून उठवायचं म्हणजे तारांबळ. पलंगाच्या कडेला बसवलं, पाय हलवून घेतले आणि गेल्या. दादाचा चेहरा ओढलेला वाटला. विचारलं, "दुखतंय का?" म्हणाला, "नाही गं. तू एवढं करतेयस, दुखेल कशाला?"

ड्रायव्हर आता बाहेरच्या व्हरांड्यात जातो आणि तिथून मोठ्याने माहिती देतो, आज कुठली बस उशिरा आली.

११ फेब्रुवारी, बुधवार

लॅबमध्ये जाऊन गेल्या काही महिन्यांतले संसर्ग झालेले पेशंट कोण कोण ते विचारून घेतलं. बाई एकेक नाव सांगत होत्या आणि माझ्या अंगावर काटा येत होता. औषधं देणाऱ्या काउंटरवरच्या माणसाचे सासरे. हिशेबनिसाची आई. सर्जनना शाळेत शिकवणारे मास्तर. ऑफिसातल्या साहेबांची मोठी बहीण. एकही परका नाही! सगळी आपलीच माणसं. ज्यांच्यासाठी आपण जीव टाकला, नेमकी तीच.

मी बाईंना म्हटलं, "हे काय गौडबंगाल? कोणाची दृष्ट लागली की काय?"

बाई म्हणाल्या, "यांच्यात आणि बाकीच्यांच्यात फरक काय, ते तुम्हाला जास्त माहीत."

वाटेत विचार करत आले आणि जिन्यातच उलगडा झाला. भेटायला येणारे लोक! परक्या पेशंटला ठरलेल्या वेळेतच माणसं भेटतात. आपल्या माणसांना मात्र सकाळ-दुपार-संध्याकाळ गर्दी. कोणी पलंगावर बसतं, कोणी पिशवीला पाय लावतं, कोणी न धुतल्या हाताने पांघरूण सारखं करतं. डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

दुपारपासून भेटी बंद केल्या. ओळख-बिळख काही नाही, नियम म्हणजे नियम. पहिली अडवली गेली ती वहिनीच. डबा हातात घेऊन दाराशी उभी राहिली. "वन्सं, मलासुद्धा?" मी म्हटलं, "वहिनी, दादाच्याच भल्यासाठी." ती डबा वॉर्डातल्या मावशींच्या हातात देऊन गेली. वाईट वाटलं. पण डॉक्टरीणबाईंना उद्या अभिमानाने सांगता येईल.

खारूताईने सकाळी परत विचारलं होतं, "दादांची आज काढू का?" आता भेटी बंद आहेत, धोकाच मिटला. म्हटलं, "घाई काय आहे?" मान हलवून गेली. सारखं तेच तेच विचारायची सवय आहे तिला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ड्रायव्हर घरी गेला. वॉकर घेऊन, स्वतःच्या पायांनी. जाताना प्रत्येक पलंगाशी थांबून निरोप घेतला, जणू गावाला निघालाय. दादाला म्हणाला, "उठा आता टेलरमास्तर. आपला नंबर एकाच दिवशी लागला होता, मी पोचलो की."

दादा म्हणाला, "तुमची थेट गाडी. आमची बहिणीच्या स्टॉपवर थांबलीय."

दोघंही हसले. मलाही हसू आलं. नंतर दादा बराच वेळ समोरच्या रिकाम्या पलंगाकडे बघत होता. जेवला नाही. म्हणाला, पोट भरलंय. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं, आणि बाहेर तर चांगलं ऊन होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ताप. मी ड्यूटीवर आले तर दादा थरथरतोय, दात वाजतायत, अंग तव्यासारखं. पिशवीतली लघवी गढूळ. मी, या कामाला नेमलेली मी, त्या पिशवीकडे बघत नुसती उभी. खारूताईने मला बाजूला केलं, सलाइन लावलं, डॉक्टरांना बोलावलं. जुनी नळी काढून नवी घातली, त्यातून नमुना घेतला, रक्तही लॅबला पाठवलं, मग औषध सुरू केलं. मी फक्त दादाचे पाय धरून होते.

असं कसं होऊ शकतं? भेटी बंद, हात स्वच्छ, पिशवी खाली. मी स्वतः पहारा दिला. दुसऱ्या कोणाला झालं असतं तर म्हटलं असतं, हयगय केली. इथे कोणी केली? खारूताई नवी आहे. तिच्या आधीच्या इस्पितळात काय पद्धत होती देव जाणे. तिला बाजूला घेऊन विचारलं, "दादाच्या नळीला हात लावताना हातमोजे होते ना?" ती पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "आज सकाळपर्यंत मी दादांच्या नळीला हातच लावलेला नव्हता, सिस्टर. तुम्ही लावू दिला नाहीत."

उद्धटच आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी असून लॅबच्या बाई स्वतः आल्या. जंतू चिवट निघालाय. सुरू केलेलं औषध त्याला पुरत नाही, दुसरं द्यावं लागेल. ते मिळालं आहे, पण दादाचं वय, अंगातली ताकद, किडन्या, सगळं बघता त्या काही खात्री देईनात. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले, "आम्ही प्रयत्न करतोय." ते वाक्य समोरून ऐकायला कसं लागतं ते आज कळलं. नातेवाइकाच्या बाजूला उभं राहिलं की सगळं इस्पितळच वेगळं दिसतं.

बाईंनी विचारलं, "नळी कशासाठी ठेवली होती?"

"तो माझा सख्खा भाऊ आहे," मी म्हटलं.

"मी ते नाही विचारलं."

मला भयंकर राग आला. माणूस तिकडे तापाने फणफणतोय आणि यांच्या चौकशा! काहीतरी लागट बोलून मी निघून आले. काय बोलले ते आता आठवत नाही. त्यांचा प्रश्न मात्र आठवतोय.

वहिनीला आत घेतलं. दादाच्या कपाळावर हात ठेवून बसली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल संध्याकाळपासून दादा भ्रमात आहे. मशिनचा पट्टा तुटला म्हणतो, गिऱ्हाइकाचे कपडे राहिले म्हणतो. वहिनीला आई समजून हाका मारतो. दुपारी ती जेवायला गेली तेव्हा मी त्याच्यापाशी गेले. चिवट जंतू इतर पेशंटकडे जाऊ नये म्हणून त्याच्याकडे जाताना गाऊन, टोपी, मास्क, सगळं घालावं लागतं. माझे फक्त डोळे दिसत असतील. मी पिशवी रिकामी करायला वाकले.

त्याने माझं मनगट धरलं. पकड कसली, नुसता गरम स्पर्श. म्हणाला, "सिस्टर, एक विनंती करू का?"

मला आयुष्यात त्याने कधी सिस्टर म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "करा."

"ही नळी काढा हो माझी. फार जळजळ होते. पहिल्या दिवसापासून. मला उठायचंय. समोरचा तो ड्रायव्हर बघा, गेलासुद्धा चालत."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?" मी मास्कमधूनच विचारलं.

त्याने दाराकडे बघितलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. मग हळूच म्हणाला, "माझी धाकटी बहीण इथली मोठी सिस्टर आहे. तिनं माझ्यासाठी खास सोय केलीय. बाकीच्यांची काढली, माझी ठेवली. सगळ्यांना कौतुकाने सांगते बिचारी. आता मी नको म्हटलं तर तिला किती वाईट वाटेल? तुम्हीच काढा. आणि तिला सांगू नका. बोलेल तुम्हाला. तोंडाची तिखट आहे, पण माया फार."

मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. पेशंटच्या पलंगावर बसायचं नाही, हा माझाच नियम.

औषधवाल्याचे सासरे. "राहू दे, म्हातारे आहेत," मीच म्हटलं होतं. हिशेबनिसाची आई. "त्यांना कुठे उठवता?" हेही मीच. मास्तरांच्या वेळेला सर्जन म्हणाले होते, साहेबांच्या बहिणीच्या वेळेला मेट्रन. दर वेळी कोणीतरी प्रेमाने म्हणालं, राहू दे. परक्यांच्या नळ्या वेळेवर निघत होत्या, ते उठत होते, कण्हत होते, आम्हाला शिव्या देत होते आणि घरी जात होते. ज्यांना आम्ही आपलं म्हटलं, त्यांनाच आम्ही तो जिना लावून दिला. माझा फलक भिंतीवरून सगळ्यांना दिसत होता. मी मात्र रोज त्याच्याकडे पाठ करून बसत होते.

उठून बाहेर गेले आणि सर्जनना फोन लावला. म्हटलं, "दादाची नळी काढायची आहे. लघवी भांड्यात घेऊन मोजू." ते लगेच हो म्हणाले. इतकं लगेच की मी विचारलं, "तुम्हाला आधीच काढायची होती का?"

म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी. पण तुमचे दादा म्हणून बोललो नाही, सिस्टर. म्हटलं, तुम्ही बघताच आहात."

म्हणजे डॉक्टर माझ्यासाठी गप्प, दादा माझ्यासाठी गप्प, आणि मी दादासाठी बोलत होते.

परत आत गेले. हात धुतले, नवे हातमोजे घातले. दादा वाट बघत होता. म्हणाला, "विचारलंत नाही ना तिला?"

"नाही विचारलं," मी म्हटलं, आणि नळी काढली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ताप आहे, पण चढ कमी. बोलत नाही. झोपून असतो. स्वतःहून थोडी लघवी झाली, तेव्हा वहिनी आणि मी दोघीही रडलो. भांडं हातात धरून रडणाऱ्या दोन बाया कोणी बघितल्या असत्या तर वेड्यांच्या वॉर्डात पाठवलं असतं.

वहिनीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, रागावेल, तशी ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. म्हणाली, "वन्सं, मलाही तीच हवी होती. उचलायला नको म्हणून." त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींकडे बघू शकलो नाही. ती पदराने खिडकीची काच पुसत बसली, स्वच्छच होती ती.

खारूताईला गाठलं. विचारलं, "रोज विचारत होतीस, एकदा ठणकावून का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुमच्या भावाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार?" वर म्हणाली, "नळी काढली म्हणजे मला तुमच्या दादांची किंमत नाही, असं दिसलं असतं." तिचंही चुकलं असं मला म्हणायचं होतं. म्हणवेना.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दादाला अर्धी वाटी पेज गेली. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडतंय. पण पायांतली ताकद पार गेलीय. मांडीचं मांस हाताला लागत नाही. उभं राहणं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल, आणि पूर्वीसारखं चालता येईल का, ते व्यायामवाल्या बाई सांगायचं टाळतात. शिलाईच्या मशिनवर तो परत पाय मारील का, हे मी विचारलंच नाही.

मेट्रनचा फोन आला. त्यांची मावसबहीण उद्या गुडघ्याच्या ऑपरेशनला येतेय. "आपलंच माणूस आहे हो, नीट बघा. नळी वगैरे असू दे दोन-चार दिवस, नाजूक आहे ती."

मी म्हटलं, "मॅडम, तिची नळी सगळ्यांच्या आधी निघेल."

"अहो, आपलं माणूस म्हणतेय मी."

"म्हणूनच."

मेट्रन दुखावल्या. "ठीक आहे, तुम्हाला अधिकार दिलाय," म्हणाल्या आणि फोन ठेवला. आता आठवडाभर चहा नाही. लॅबच्या बाईंकडे जाऊन त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली आणि फरक काय तो सांगितला. त्यांनी हुश्श केलं नाही की टोमणा मारला नाही. त्यांच्या वडिलांना गेल्या वर्षी दुसऱ्या इस्पितळात ठेवलं होतं म्हणे. तिथे सगळे बाईंना ओळखत होते. एवढंच सांगितलं, आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मी पुढे विचारायचं धाडस केलं नाही.

आता रोज सकाळी नळी असलेल्या प्रत्येकाच्या पलंगाशी एकच प्रश्न मोठ्याने विचारायचा: ही अजून का आहे? उत्तर आजारात सापडलं पाहिजे, नात्यात नाही. उत्तर नसेल तर जी सिस्टर समोर असेल तिने काढायची, मला न विचारता. खारूताईला हे सांगितलं तर तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज दादा पूर्ण शुद्धीवर. सकाळी उन्हात डोळे मिचकावत म्हणाला, "ठमे, किती वाळलीस." स्वतःच्या हाडांचा सापळा झालाय आणि मला वाळलीस म्हणतोय. मी त्याची दाढी केली. भ्रमातलं त्याला काही आठवतंय का, ते विचारायची हिंमत होत नव्हती. गालावर साबण लावत राहिले, गरजेपेक्षा जास्तच.

त्याने पांघरुणात हात घातला, चाचपलं. "नळी कुठाय?"

"काढली."

"कोणी?"

माझा वस्तरा थांबला. "एका सिस्टरने."

"तुला विचारून?"

"नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला त्याचे डोळे वाचता येतात असं मी आजवर समजत होते. काय कळलं होतं त्याला, काय नव्हतं, मला खरंच सांगता येणार नाही.

म्हणाला, "तिला रागावू नकोस हं. चांगली होती बिचारी. मी सांगितलं आणि तिनं लगेच ऐकलं. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस."

"नाही रागावणार," मी म्हणाले.

दाढी पुरी केली. मग त्याला संडासापर्यंत जायचं होतं, चालत. मी एका बाजूने, वहिनी दुसऱ्या बाजूने. दोन पलंग ओलांडले आणि त्याचे पाय लटपटायला लागले. तिथेच स्टूल ओढून बसवला. संडासापर्यंत काही पोचला नाही; थोड्या वेळाने परत पलंगावर आणला.